कझाक लग्नाच्या गाण्यांची आखणी: बेताशारपासून डीजेपर्यंत

कझाक लग्नाची तयारी सुरू झाली की पहिला फोन हॉलला जातो, दुसरा असाबाला, म्हणजे सूत्रसंचालकाला, आणि तिसरा एखाद्या नावाजलेल्या गायकाला. गाण्यांचा विचार या तिघांनंतर होतो आणि तिथेच गणित चुकतं. या लग्नात चार गाणी कामाची असतात: तोयबास्तार (सोहळ्याचं पहिलं गाणं), झार-झार (मुलं-मुलींचा सवाल-जवाब), सिङ्सू (नवरीचं निरोपाचं गाणं) आणि बेताशार (सुनेचा चेहरा उघडण्याचं गाणं). आपल्याकडे मंगलाष्टकं संपल्याशिवाय अंतरपाट दूर होत नाही. तसंच यातलं प्रत्येक गाणं म्हटलं गेलं की विधी एक पाऊल पुढे सरकतो. बाकी सगळं, वॉल्ट्झपासून डीजेपर्यंत, हौसेचं. हौस गेल्या शंभर वर्षांत कितीदा तरी पालटली आणि लग्नं लागतच राहिली. म्हणून आधी ही चार गाणी कोण म्हणणार, कधी आणि कुठल्या माइकवर, एवढं पक्कं करा. हॉल आणि नावाजलेला गायक नंतर.

वैद्यकीय शिक्षणासाठी किंवा कामासाठी कझाकस्तानात अल्माटी, अस्ताना, करागांडा भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना मित्राच्या लग्नात ‘गाण्यांचं तू बघ’ असं कुणी सांगितलं, तर पुढचं त्यांच्याही उपयोगाचं आहे.

तोय कुणाकडचा?

तोय म्हणजे सोहळा. (संस्कृतातलं पाण्याचं ‘तोय’ नव्हे, आणि कझाक तोयमध्ये पाणी हे मुख्य पेय असतंच असंही नाही.) लग्नाचे तोय दोन. मुलीकडचा किझ उझातू, म्हणजे पाठवणी, आणि मुलाकडचा उइलेनू तोय. दोन्ही बहुधा वेगळ्या दिवशी, पुष्कळदा वेगळ्या गावी होतात आणि दोन्हीकडचा असाबाही वेगळा असतो. झार-झार आणि सिङ्सू ही मुलीकडची गाणी. बेताशार फक्त मुलाकडचं. तोयबास्तार दोन्हीकडे चालतं, कारण ते नुसतं सोहळ्याचं तोंड उघडतं.

खर्च वाचवायला शहरातली कुटुंबं दोन्ही तोय एकाच संध्याकाळी उरकतात, तेव्हा क्रम सांभाळावा लागतो. आधी झार-झार आणि सिङ्सू. मग नवरी बाहेर जाते, कपडे बदलते आणि केलिन, म्हणजे सून, होऊन चेहऱ्यावर पडदा घेऊन परत येते. त्यानंतर बेताशार. मधल्या बदलाला २० ते २५ मिनिटं धरा आणि तेवढ्यात दोन-तीन टेबलांची शुभेच्छांची भाषणं घ्या. क्रम उलटला तर सासरी पोचलेली, सगळ्यांना वाकून झालेली मुलगी पुन्हा माहेरचा निरोप घेत बसते. तरुणांच्या हे लक्षात येत नाही, आज्यांच्या लगेच येतं.

बेताशार

‘बेत’ म्हणजे चेहरा, ‘आशार’ म्हणजे उघडणं. गायक दोम्ब्रा, म्हणजे लांब मानेचं दोन तारांचं वाद्य, घेऊन पडद्याआडच्या सुनेशेजारी उभा राहतो. पहिल्या भागात तो सुनेचं स्वागत करतो आणि तिला चार गोष्टी सांगतो. दुसऱ्या भागात नवऱ्याकडच्या एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन दोन-चार ओळी गातो आणि शेवटी ‘बीर सालेम!’ म्हणतो. या आरोळीवर सून कमरेत वाकून सालेम करते आणि ज्याचं नाव घेतलं तो उठून समोरच्या ताटात पैसे टाकतो. या पैशांना कोरिम्दिक म्हणतात: तोंड पाहिल्याची भेट. सगळी नावं झाली की गायक दोम्ब्र्याच्या शेंड्याने किंवा रंगीत फीत बांधलेल्या काठीने पडदा उचलतो.

या गाण्याचा जीव नावांत आहे. चाल ऐकीव, छंद सात-आठ अक्षरांचा, यमकं ठरलेली. नवं असतं ते फक्त ‘कोणाला’ आणि ‘कसं’. त्यामुळे रेकॉर्ड केलेलं बेताशार लावणं म्हणजे मंगलाष्टकांत दुसऱ्याच वधूवरांची नावं ऐकवणं. चारांपैकी एकाच गाण्यावर पैसे खर्च करायचे असतील तर इथे करा.

नावांची यादी तोयच्या किमान तीन दिवस आधी गायकाच्या हाती द्या. १२ ते १५ पुकारे पुरेत. प्रत्येक पुकाऱ्याला वाकणं आणि ताटापर्यंत येणं धरून अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं. म्हणजे पंधरा पुकाऱ्यांना सात-आठ मिनिटं, पहिल्या भागाला तीन-चार. बारा मिनिटांपुढे गाणं गेलं की मागच्या टेबलांवर गप्पा सुरू होतात, आणि डोक्यावर साउकेले, म्हणजे उंच टोपडं, चढवलेल्या सुनेची मान अवघडते. नातेवाईक जास्त असतील तर गट करा: ‘धाकटे काका आणि काकू’ मिळून एक सालेम.

यादीत प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: नातं, घरात ज्या नावानं हाक मारतात ते नाव, आणि एक खूण. खूण म्हणजे आजोबांचे घोडे, काकांची ट्रकची नोकरी, आत्याचं हसणं. गायक यावरच ओळी रचतो. नुसतं ‘आदरणीय काका’ लिहिलंत तर गाण्यातही ‘आदरणीय काका’च येतील. क्रम असा: आजी-आजोबा, आई-वडील, वडिलांकडचे थोरले, थोरले भाऊ आणि त्यांच्या बायका, मग नागाशी, म्हणजे नवऱ्याच्या आईचं माहेर, मग मेहुणे आणि शेवटी मित्र. सगळ्यात जास्त रुसवे नागाशी राहून गेल्यामुळे होतात. मामाचा मान म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. यादी मुलाच्या वडिलांनी केली असेल तर ती एकदा त्याच्या आईच्या डोळ्यांखालून घालाच.

पहिल्या भागातला उपदेशही आधी वाचून घ्या. जुन्या ओळींत ‘उशिरापर्यंत झोपू नकोस’, ‘चहाड्या करू नकोस’ अशा सूचना असतात. काही सुनांना त्या गमतीच्या वाटतात, काहींना भर सभेत बोचतात. चांगला गायक त्या गाळून दोन्ही कुळांची ओळख करून देणाऱ्या ओळी घालतो. रशियन बोलणारे पाहुणे बरेच असतील तर मधूनमधून रशियन कडवी घालणारे गायकही मिळतात. पण पुकारे कझाकमध्येच ठेवा, कारण ‘बीर सालेम’चं वजन भाषांतरात उतरत नाही.

सुनेच्या दोन्ही बाजूंना दोन झेंगे, म्हणजे वहिन्या, दंडाला धरून उभ्या असतात. वाकायची खूण त्याच करतात, म्हणून तालीम नवरीपेक्षा त्यांची घ्या. उजवीकडच्या झेंगेनं ‘बीर’ ऐकलं की हलका दाब द्यायचा आणि ‘सालेम’वर तिघींनी वाकायचं. सून मराठी किंवा इतर परक्या मुलखातली असली तरी हे पाच मिनिटांत जमतं. तिला एवढंच सांगा की हात जोडायचे नाहीत, ते गुडघ्यावर येतात. साउकेले आतून टाचण्यांनी पक्कं करा आणि ते घालून तीन-चारदा वाकून बघा.

कोरिम्दिक कोणाचं, हेही आधी ठरवा. कुठे ते गायकाला जातं, कुठे झेंगेंना, कुठे नव्या जोडप्याला. गायकानं मानधन कमी सांगितलं असेल तर त्यानं ताट आपलं धरलेलं असण्याची शक्यता आहे, तोंडावर विचारा. अलीकडे पुष्कळांच्या खिशात रोख नसते, म्हणून आमंत्रणाबरोबरच ‘सुट्या नोटा आणा’ असा निरोप दिला तर ताटापाशी खोळंबा होत नाही.

पडदा उचलल्या क्षणी शाशू उधळतात: गोळ्या, चॉकलेटं, सुटी नाणी. साउंडवाल्याला इथे एकच काम. पडदा उचलेपर्यंत दोम्ब्र्याखेरीज काही वाजवायचं नाही आणि उचलल्यावर दोन सेकंदांत क्युय, म्हणजे दोम्ब्र्याची वाद्यरचना, जलद लयीत सुरू करायची. मुलं गोळ्या वेचायला मंचावर धावतात, तेव्हा माइकच्या तारा कडेनं चिकटपट्टीनं दाबलेल्या असाव्यात.

झार-झार आणि सिङ्सू

झार-झार मुलं आणि मुली आमनेसामने गातात. प्रत्येक ओळ ‘झार-झार’वर टेकते. मुलं समजूत काढतात: बाप सुटला म्हणून रडू नकोस, तिकडे सासरा आहे. मुली उलटतात: सासरा माझ्या बापासारखा कसा होईल? ही सवाल-जवाबाची रचना लक्षात घेतली तर आजची नेहमीची चूक टळते. नाच-गाण्याचा एक संच भाड्यानं आणायचा, त्यांनी रेकॉर्डवर ओठ हलवायचे आणि पाहुण्यांनी फोनवर टिपायचं, हे देखणं होतं. पण त्यात नवरीच्या मैत्रिणींचा आवाज कुठे असतो? मधला मार्ग चांगला चालतो. संचातले दोन मुलगे आणि दोन मुली पुढे, मागे घरातले चार-चार जण. ओळी संचानं म्हणायच्या, ‘झार-झार’ सगळ्यांनी. एवढ्याला दोन तालमी पुरतात.

पट्टी मात्र जपून निवडा. मुलं-मुली एकच चाल एका सप्तकाच्या अंतरानं गातात, त्यामुळे भावगीतातल्या युगुलगीताची अडचण इथेही येते: मुलांना सोयीची पट्टी मुलींना खाली जाते. चालीचा पल्ला लहान असल्यानं पांढरी चारच्या आसपास दोघांचंही भागतं. त्याहून खाली गेलात तर मुलींचा आवाज सभागृहात पोचत नाही आणि जबाब सवालापुढे फिका पडतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन हातातले माइक द्या. आठ जणांत एक माइक फिरवला की शेवटची अक्षरं हरवतात. चार सवाल, चार जबाब, एवढं बास.

सिङ्सू नवरीचं स्वतःचं गाणं. निरोपाचं, रडवेलं. सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न करायचं नाही हा कझाकांचा जुना नियम. म्हणून मुलगी लांबच्या आउलात, म्हणजे वस्तीत, दिली जायची आणि पुन्हा माहेर कधी दिसेल याचा भरवसा नसायचा. आज सासर गाडीनं वीस मिनिटांवर असू शकतं. त्यामुळे ‘पुन्हा भेट नाही’ छापाच्या ओळी पोकळ वाटतात आणि उसनी कडवी म्हणणाऱ्या नवरीलाही ते जाणवतं. उपाय सोपा आहे: तीनच कडवी ठेवा आणि त्यात घरातल्या खऱ्या गोष्टी आणा. धाकटा भाऊ, आजीची खोली, सकाळचा दुधाचा चहा. आपल्या पाठवणीच्या ओव्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे वेगळं वाटणार नाही.

बऱ्याच नवऱ्या सिङ्सू आधी स्टुडिओत रेकॉर्ड करतात आणि तोयमध्ये ओठ हलवतात. कारण रास्त आहे: रडू आलं तर गाणं तुटेल ही भीती. पण रडू येतंच, आणि तेव्हा स्पीकरमधला आवाज न कापता पुढे जात राहतो. ते फार विचित्र दिसतं. त्यापेक्षा फक्त साथ रेकॉर्ड करा. गायकाचा आवाज वगळलेल्या अशा साथीला तिकडे ‘मिनुस’ म्हणतात. आवाज प्रत्यक्ष असू द्या आणि एक वहिनी दुसरा माइक घेऊन शेजारी उभी करा. आवाज फुटला की वहिनीनं ओळ उचलायची. मिनुसऐवजी एखादा दोम्ब्रावाला किंवा कोबिझवाला (कोबिझ म्हणजे गजानं वाजवायचं तंतुवाद्य) समोर बसला तर उत्तमच, कारण तो थांबू शकतो. फाइल थांबत नाही.

सिङ्सूनंतर टाळ्यांची घाई नको आणि नाचाचं गाणं तर मुळीच नको. साउंडवाला रिकामी जागा भरायच्या सवयीनं बटण दाबतो आणि आई डोळे पुसत असताना ढोल सुरू होतो. यादीवर ठळक लिहा: सिङ्सू, मग शांतता, मग बाता. बाता म्हणजे वडीलधाऱ्यानं हात पसरून दिलेला आशीर्वाद. शेवटी सगळे ‘आउमिन’ म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवतात. बाता चालू असताना पार्श्वसंगीत अजिबात नाही, अगदी हळूही नाही.

तोयबास्तार

थोडक्यात: पहिलं गाणं मान्यवरानं म्हणायचं आणि म्हणणाऱ्याला भेट द्यायची. शापान, म्हणजे अंगरखा, किंवा कापडाचा तुकडा आधीच घडी करून असाबाजवळ ठेवा. असाबाला स्वतः धमाकेदार प्रवेश हवा असतो आणि तो तोयबास्तार गिळून टाकतो. त्याचा प्रवेश आधी, मग बाता, मग तोयबास्तार, अशी वाटणी केली की कुणाचंच बिघडत नाही.

हौसेची गाणी, पिढीप्रमाणे

कोणत्या टेबलाला काय लागतं हे कळायला थोडा मागचा हिशेब लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दोम्ब्रा, गळा आणि आयतिस, म्हणजे दोन कवींचा गाण्यातून चालणारा वाद, एवढ्यावर तोय व्हायचा. सोव्हिएत काळात वाद्यं रंगमंचासाठी बदलली. १९३४ साली संगीतकार अख्मेत झुबानोव यांनी लोकवाद्यांचा वृंद उभा केला, तोच पुढे दोम्ब्र्याचे जुने रचनाकार कुर्मानगाझी यांच्या नावानं ओळखला गेला. तिथून दोम्ब्र्याच्या दांडीवरचे पडदे आणि सूर प्रमाणित होत गेले. घरच्या लग्नांत बायान, म्हणजे बटणांचं रशियन अकॉर्डियन, आणि साधं अकॉर्डियन शिरले आणि त्यांच्याबरोबर वॉल्ट्झ. संगीतकार शम्शी काल्दायाकोव (१९३०–१९९२) यांना कझाक वॉल्ट्झचा राजा म्हणतात ते उगाच नाही. साठी-सत्तरीतले लोक आजही तीन मात्रांचा ठेका ऐकला की जोडीनं उठतात. मग विद्युत गिटारांचे संच आले. १९६७ साली अल्माटीतल्या विद्यार्थ्यांनी काढलेला दोस-मुकासान हा त्यातला गाजलेला. नव्वदच्या दशकात पैसे आटले आणि एक सिंथेसायझर, एक गायक यावर लग्नं निभावली. पुढे मिनुस, मग मोठे एलईडी पडदे आणि बोलावलेले तारे.

आता गंमत अशी की सगळ्यांत ‘पारंपरिक’ म्हणून पुढे केला जाणारा नाच, कारा झोर्गा, बहुतेक तोयमध्ये गेल्या दोन दशकांतच रुळला. चीनमधल्या आणि मंगोलियातल्या कझाकांनी तो जपला होता. ती मंडळी परतली तसा तो देशभर पसरला. नावाचा अर्थ एका खास चालीनं चालणारा काळा घोडा. खांदे उडवत, लगाम धरल्यासारखे हात ठेवत नाचतात. म्हणून जुनं-नवं असा वाद घालण्यात रात्र घालवू नका. काम करतंय का, एवढं बघा.

पहिल्या तासात, लोक जेवत असताना, क्युय आणि संथ गाणी. पहिल्या नाचाला वॉल्ट्झ, तोही दोनच, म्हणजे थोरल्यांना मैदान मिळतं आणि ते खूश होऊन बसतात. त्यानंतर नव्वदीतली गाणी, मग कारा झोर्गा, मग तरुणांचं काय ते. डीजेनं पहिल्याच फेरीत तरुणांचं लावलं तर थोरले उठतच नाहीत आणि दहा वाजता कोट मागतात. कारा झोर्गा पाच मिनिटांवर नेऊ नका. खांद्यांचा नाच दमवतो. खात्रीनं येणारे तीन-चार जण वर्तुळात आधीच पेरून ठेवा.

भारतीय पाहुणे दिसले की असाबा त्यांना मंचावर ओढणार, हे धरून चाला. सोव्हिएत काळात राज कपूर आणि मिथुन पाहिलेली पिढी अजून टेबलावर बसलेली असते. तीन मिनिटांचं एक गाणं पेन ड्राइव्हवर न्या आणि पहिल्या दहा सेकंदांत ठेका येईल असं कापून घ्या. लांबलचक आलापानं सुरू होणारं गाणं तिथे पडतं. ढोलकीचा ठेका असलेलं मराठी गाणंही चालून जातं, पायऱ्या सोप्या असतील तर.

वेळेचं गणित

पत्रिकेवर संध्याकाळी ६ असेल तर मंडळी ७ ते ८ दरम्यान बसतात. सगळ्यांत जास्त वेळ तिलेक खातात, म्हणजे टेबलागणिक शुभेच्छा. पंधरा गटांना पाच-पाच मिनिटं म्हटली तरी सव्वा तास, आणि पुष्कळ गट गाणंही म्हणतात. दोन तिलेकांनंतर एक गाणं किंवा नाच, अशी घडी बसवा. सलग चार तिलेक झाले की सभागृह गळतं. गटांना आधीच विचारा: बोलणार की गाणार? दोन्ही नाही.

बेताशार पहिल्या दीड तासात घ्या. बेशबार्माक, म्हणजे मांस आणि रुंद शेवयांचं मोठं ताट, वाढायला येणार असेल तेव्हा मुळीच नको. गरम मांसापुढे कुणीही उठून ताटात पैसे टाकायला येत नाही. स्वयंपाकघराशी एक माणूस नेमून ठेवा. काही घरं बेताशार दुपारी घरीच उरकतात आणि रात्री फक्त मेजवानी ठेवतात. घरात जागा असेल तर हा सगळ्यांत चांगला पर्याय, कारण तिथे माइकही लागत नाही.

माणसं ठरवताना

गायकाशी बोलताना ‘झांदी दाउस’, म्हणजे प्रत्यक्ष आवाज, हे शब्द करारात घाला. नाहीतर तारा येतो, आवाजासकट रेकॉर्ड लावतो, तीन गाण्यांत निघून जातो. बेताशारच्या गायकाला विचारा: ओळी स्वतः रचता की एकच मजकूर नावं बदलून गाता? दोन मिनिटं फोनवर ऐकवायला सांगा. आणि चाल कुठली? सिर-दर्याकाठच्या किझिलोर्दा भागात घशातून येणारा झिराऊंचा, म्हणजे वीरगाथा गाणाऱ्यांचा, ढंग, पश्चिमेला जलद हात, मध्य भागात लांब ताना. कुटुंब पश्चिमेकडच्या अतिराऊचं आणि चाल दुसऱ्याच मुलखाची असेल तर आजोबांच्या कपाळावर आठी दिसते. घराण्याची चाल कुणाला आठवत नसेल तर लोकगीतं टिपून घेणारे अलेक्सांद्र झातायेविच यांचा १९२५ सालचा एक हजार गाण्यांचा संग्रह चाळा. त्यात गाणी प्रदेशवार आहेत आणि स्वरलिपीही आहे.

धार्मिक घरांत आधी थोरल्यांशी बोला. काही ठिकाणी नाच नको असतो पण दोम्ब्र्यावरची तेर्मे, म्हणजे बोधपर गाणी, चालतात. काही ठिकाणी वाद्यच नको असतं. सुनेनं वाकण्यालाही काहींचा आक्षेप असतो. मग हात छातीवर ठेवून मान किंचित झुकवायची, अशी तोड निघते. हे तोयच्या दिवशी मंचावर ठरवायची वेळ आणू नका.

आवाज

दोम्ब्र्याला दोनच तारा, आवाज कोवळा. हॉलमधल्या मोठ्या स्पीकरांपुढे तो टिकत नाही म्हणून साउंडवाला पातळी वाढवतो आणि शिटी सुरू होते. वाद्याच्या पोटाला चिकटवायचा पिकअप गायकाकडे आहे का ते विचारा. नसेल तर छोटा क्लिप माइक, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या जवळ, ध्वनिछिद्राच्या थेट समोर नाही, बोटभर बाजूला. छिद्रासमोर लावला की घुमतो. ८० हर्ट्झखालचं सगळं कापा. तिथे दोम्ब्र्याचं काही नसतं, फक्त पावलांची धडधड असते. गायकाला डोक्यावरचा माइक द्या, कारण त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि तो सुनेकडे, पाहुण्यांकडे वळत राहतो.

दोम्ब्रा आणि कीबोर्ड एकत्र वाजणार असतील तर दोन्ही ४४० हर्ट्झवर जुळवा. जुन्या धाटणीच्या, कमी पडद्यांच्या पूर्वेकडच्या दोम्ब्र्याचे सूर कीबोर्डशी पूर्ण जुळत नाहीत. अशा वेळी कीबोर्ड गप्प ठेवणं बरं. हल्ली तारा नायलॉनच्या, पुष्कळदा मासेमारीच्या दोऱ्याच्या असतात. पूर्वी त्या आतड्याच्या असत. नायलॉन नवा असताना दोन दिवस ओढला जात राहतो, म्हणून तोयच्या सकाळी तारा बदलू नयेत.

मिनुसच्या फाइलींना नाव देताना पट्टी लिहा आणि क्रमांक घाला: ‘०४ सिङ्सू पांढरी चार’. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर. फोनवरून वाजवायची वेळ आलीच तर तो विमान-स्थितीत टाका; सिङ्सूच्या मधोमध कुणाच्या तरी काकांचा कॉल वाजलेला कोणालाही आवडत नाही. बिनतारी माइक मोठा एलईडी पडदा चालू करून तपासा, बंद असताना नाही. बॅटऱ्या बेताशारच्या आधी बदला, अर्ध्या भरलेल्या असल्या तरी. मोठे स्पीकर त्योरपासून, म्हणजे मानाच्या बैठकीपासून, लांब ठेवा. तिथेच कुदा, म्हणजे व्याही, बसलेले असतात आणि त्यांना तिलेक ऐकायचे असतात.

हिवाळ्यातल्या लग्नाला एक काळजी जास्तीची. अस्तानात जानेवारीत थंडी वाढली की बाहेर उणे वीस-तीस आणि हॉलमध्ये बावीस-चोवीस. दोम्ब्रा किंवा कोबिझ बाहेरून आणून लगेच पेटी उघडली तर लाकडावर दव धरतं, सूर सटकतो आणि पातळ फळी तडकूही शकते. पेटी बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास आत राहू द्या, दारापासून आणि हीटरपासून दोन्हीकडून लांब, आणि गायकाला तेवढं आधी बोलवा.